एक तारीख : १२ जुलै (प्रकल्प नोंदी)

२ जून, सोमवार

वाचनालयाच्या कार्यकारिणीची परवानगी मिळाली. तळमजल्याचा हॉल १२ आणि १३ जुलैला आपला. एकच तारीख घ्यायची आणि त्या तारखेला वेगवेगळ्या वर्षी काय काय घडलं ते भिंतीवर मांडायचं. तारीख ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नारायण पेठेत बसून जुलैतली तारीख निवडायची तर ती बाराच. इथे १२ जुलै म्हणजे पानशेत, १९६१ला धरण फुटून पुण्यात आलेला पूर.

मदतीला तीन मुलं आहेत. नववीतला एक, आठवीतली एक आणि तिचा सहावीतला भाऊ. ही वही सगळ्यांनी बघायची, लिहायची मी.

७ जून, शनिवार

मुलांनी एकतीस चिठ्ठ्या आणल्या. फरशीवर पसरून बसलो. १९४३ची प्रोखोरोव्हकाची रणगाड्यांची लढाई, १९७५ला साओ टोमे आणि प्रिन्सिपे स्वतंत्र, १९७९ला किरिबाटी स्वतंत्र, १९८२ला नाबार्डची स्थापना, १९९७ला मलालाचा जन्म, १९९८चा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, २०१२ला दारासिंग गेले, २०१३ला अभिनेते प्राण गेले. मलालाने तिच्या सोळाव्या वाढदिवशी संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं, तोही दिवस १२ जुलै २०१३. मोठ्या मुलीला हे दोन कागद शेजारी ठेवायचे होते. ठेवू दे.

कार्व्हरची चिठ्ठी मी बाजूला काढली. धाकट्याचा चेहरा पडला, त्याने त्याचं चरित्र नुकतंच वाचलंय. त्याला जवळ बसवून सांगितलं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मिसुरीत गुलामीत जन्मला. गुलामांच्या पोरांचे जन्म सहसा कुणी लिहून ठेवत नव्हतं. तान्हा असताना त्याला आईसकट पळवून नेलं. तो परत मिळाला, आई मिळाली नाही. त्याला स्वतःला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, मग आपण ती कुठून आणायची? दिनविशेषाच्या यादीत छापलीय म्हणून ती खरी होत नाही. चिठ्ठी त्याने टाकली नाही, वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवली. बरं केलं.

१० जून, मंगळवार

आजचा दिवस ग्रंथपाल काकांचा. त्यांनी माळ्यावरून वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही खाली उतरवली. लाल कापडी पाठ, कोपरे उंदरांनी खाल्लेले. रकाने नेहमीचे: दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, किंमत, शेरा. १९५७च्या पुढे किमतीच्या रकान्यात आणे जाऊन ‘न.पै.’ आले आहेत, म्हणजे नवे पैसे.

शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काहीच नाही. मग एका पानावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: ‘पुरात गेले.’ खालच्या ओळीत ‘कित्ता’, म्हणजे वरीलप्रमाणे. त्याच्या खाली ‘कित्ता’. पान उलटलं, वरपासून खालपर्यंत कित्ता. पुढचं पान तसंच. मी अकरा पानं मोजली आणि मोजणं थांबवलं. लिहिणाऱ्याने कुठेही ओळ सोडलेली नाही की कंस घालून एकदम सगळ्यांना एकच शेरा दिलेला नाही. प्रत्येक पुस्तकापुढे वेगळा कित्ता.

मधूनच एखादा शेरा वेगळा: ‘सभासदाकडे होते. परत आले.’ तेव्हा पुस्तकं तळमजल्यावर असायची, म्हणजे आपला हाच हॉल. कपाटात होती ती सगळी गेली. जी कुणीतरी वाचायला घरी नेली होती, सदाशिव पेठेत वरच्या अंगाला किंवा कुणाच्या दुसऱ्या मजल्यावर, तेवढी राहिली. काका म्हणाले, “ताई, त्यातली बरीच अजून आहेत बरं का आपल्याकडे.” शोधून ठेवतो म्हणाले.

प्रदर्शनाच्या मधोमध हीच वही उघडी ठेवायची. बाकी सगळं तिच्या भोवतीने.

१४ जून, शनिवार

सासूबाईंच्या थोरल्या बहिणीकडे गेलो, तिघा मुलांना घेऊन. त्या आता एक्याऐंशीच्या, तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. नदीच्या बाजूला वाडा, ओंकारेश्वरापासून फार लांब नाही.

आजी १२ जुलै असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ‘पानशेतच्या वर्षी’, ‘पुराच्या आधी’, ‘पूर ओसरल्यावर’. थोरल्या भावाचं लग्न पानशेतच्या आधीचं, नळ पानशेतच्या नंतरचा. अख्खं आयुष्य त्यांनी त्या एका दिवसाच्या अलीकडे-पलीकडे लावून ठेवलं आहे.

त्यांनी सांगितलं ते तसंच उतरवून घेतलं: “चौकात पाणी आलं तेव्हा आम्हाला वाटलं नेहमीचंच, नदीला पाणी आलंय. आई स्वयंपाकघरात. जिन्याची चौथी पायरी बुडाली तेव्हा तिने स्टोव्ह बंद केला, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं घेऊनच वर चढली. दागिने नाही, देव नाही, भात. आम्ही अकरा माणसं होतो वर. तोच भात सगळ्यांनी खाल्ला, संध्याकाळी, मीठ नव्हतं.” मग थोडं थांबून: “रात्री शहरात दिवा नाही. आणि वर अमावास्या. हात दिसत नव्हता स्वतःचा.”

मोठ्या मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवर बघितलं. खरंच, १२ जुलै १९६१ला अमावास्येचीच रात्र. मुलीला तिथेच सुचलं की प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात त्या रात्रीचा चंद्र काढायचा. फार आवडलं मला. कॅलेंडरात असतात तशी वर्तुळं, काळं म्हणजे अमावास्या, पांढरं म्हणजे पौर्णिमा.

१७ जून, मंगळवार

चंद्रामुळे घोळ झाला. पन्हाळ्याची सुटका १२ जुलै १६६०. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, गडावर महाराज, बाहेर धो धो पाऊस. त्या रात्री महाराज सुमारे सहाशे बांदलांसह विशाळगडाकडे निघाले आणि त्यांच्या वेषात शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून शत्रूच्या हाती गेला. ती रात्र आषाढ पौर्णिमेची, गुरुपौर्णिमेची, हे लहानपणापासून ऐकत आलोय. मुलाने अ‍ॅपमध्ये १२ जुलै १६६० घातली तर चंद्र चौथ-पंचमीचा! कोर जेमतेम. त्याने तीन वेगवेगळी अ‍ॅप बघितली, तिन्हींत तेच.

“ताई, मग एकतर तिथी चूक किंवा तारीख.” प्रश्न रास्त आहे. शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला.

२१ जून, शनिवार

पालख्या मुक्कामाला. ज्ञानोबा भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत. रस्ते बंद, मुलं येऊ शकली नाहीत. घरीच बसून वाचलं, आणि उलगडा झाला. नीट लिहून ठेवते, कारण हे फलकावर जायला हवं.

तिथीही बरोबर आणि तारीखही बरोबर. फरक कॅलेंडरचा. युरोपात जुनं ज्युलियन कॅलेंडर सूर्यापेक्षा मागे पडत चाललं होतं, म्हणून पोप ग्रेगरीने इसवी सन १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पोर्तुगालने ते लगेच घेतलं. इंग्लंडने घेतलं नाही ते थेट १७५२ पर्यंत, आणि तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आली. आपल्याकडे शिवकाळाच्या ज्या तारखा रूढ आहेत त्या बऱ्याचशा जुन्या, ज्युलियन. अ‍ॅपवाले मात्र आजचंच कॅलेंडर मागे ताणत नेतात. १२ मध्ये दहा मिळवले की २२ जुलै. २२ घालून बघितलं: पौर्णिमा. वारही गुरुवार.

म्हणजे त्या एका दिवशी राजापूरच्या वखारीतला इंग्रज वहीत १२ जुलै लिहिणार (हेच इंग्रज दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला पन्हाळ्याखाली आले होते), गोव्यातला पोर्तुगीज २२ जुलै लिहिणार, विजापूरच्या दरबारात हिजरी १०७० चा जिल्काद महिना, आणि मराठ्यांच्या कागदात आषाढ शुद्ध पौर्णिमा, शके १५८२, शार्वरी नाम संवत्सर. गोवा ते राजापूर अंतर ते किती, आणि दोघांमध्ये दहा दिवस!

शार्वरी हे नाव वाचून थोडा वेळ तशीच बसले. शर्वरी म्हणजे रात्र.

आणखी एक. मध्यरात्री तारीख बदलते ही आपली सवय. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे रात्रभर चिखलातून पालखी धावत होती तो सगळा वेळ त्या लोकांच्या लेखी गुरुवारच. उजाडल्यावर शुक्रवार लागला आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते १३ जुलैला.

२३ जून, सोमवार

मुलांना सांगितलं. मुलीने लगेच चूक पकडली, म्हणजे तिला वाटलं ती चूक आहे: “सुधारणा १५८२ची आणि पन्हाळाही १५८२चा?” पहिला इसवी सन, दुसरा शक. फळ्यावर दोन्ही लिहून अठ्ठ्याहत्तर वजा करून दाखवलं. हा गोंधळ भेट देणाऱ्यांचाही होणार, फलकावर दोन्हींपुढे ‘इ.स.’ आणि ‘शके’ ठळक.

मोठ्या मुलाचं म्हणणं: मग पन्हाळा काढून टाकू या, तो आपल्या १२ जुलैचा नाही. त्याचा युक्तिवाद पक्का होता. तरी मी नाही म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी पुस्तकांनी तो दिवस १२ जुलै म्हणून सांगितला आहे आणि ती तारीख खोटी नाही, फक्त वेगळ्या मोजणीतली आहे. शिवाय बांदल हिरडस मावळचे आणि बाजीप्रभू भोरजवळच्या शिंदचे. प्रसंग कोल्हापूरकडचा असला तरी माणसं आपल्या जिल्ह्यातली. फलक राहील. वर तिथी मोठी, खाली चारही मोजण्या एकेका ओळीत.

२८ जून, शनिवार

आज धाकट्याने कमाल केली. त्याला पन्हाळ्याने पछाडलंय, आता तो प्रत्येक चिठ्ठीला विचारतो, “पण कुणाची बारा तारीख?” त्याने १९९८चा सामना काढला. फ्रान्स ३, ब्राझील ०, झिदानचे दोन गोल, दोन्ही डोक्याने. सामना तिथे रात्री नऊला सुरू झाला. पुण्यात तेव्हा साडेबारा वाजून गेले असणार, म्हणजे १३ जुलै. त्याचे बाबा उजाडेपर्यंत जागून पाहत होते, तेव्हा त्यांच्या घड्याळात बारा तारीख संपलेली होती.

मग किरिबाटी. पॅसिफिकमधली बेटं. स्वातंत्र्य १२ जुलै १९७९ला, राजधानी तारावामध्ये. पण देश इतका पसरलेला की आंतरराष्ट्रीय वाररेषा त्याच्या मधूनच जायची. पश्चिमेकडच्या बेटांवर स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तेव्हा पूर्वेकडच्या बेटांवर ११ जुलै चालू होती. एकाच देशात दोन वार! सरकारी कचेऱ्यांना एकमेकींशी बोलायला आठवड्यातले जेमतेम चार दिवस मिळायचे, कारण एकीकडे शनिवार लागला की दुसरीकडे शुक्रवार, आणि एकीकडे रविवार असताना दुसरीकडे सोमवार. १९९५ सुरू होताना त्यांनी रेषा पूर्वेला सरकवली आणि अख्खा देश एका तारखेत आणला. पूर्वेच्या बेटांनी त्यासाठी एक पूर्ण दिवस सोडून दिला.

मुलांनी नकाशा काढला. रेषा लाल लोकरीची, खिळ्यांवर ताणलेली, उपटून पुन्हा रोवता येईल अशी. बघायला येणाऱ्यांनी स्वतः सरकवून बघायची.

न्या. यशवंत चंद्रचूड यांचा फलक मी लिहिला. जन्म पुण्यात, १२ जुलै १९२०. कायद्याचं शिक्षण आपल्या आयएलएसमध्ये. सर्वांत दीर्घकाळ सरन्यायाधीश: २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५. शेवटचा दिवस ११ का? पासष्ट पूर्ण होईपर्यंतच पदावर राहता येतं, आणि वाढदिवस १२चा. जन्मतारखेने कारकिर्दीचा शेवटचा दिवस ठरवून ठेवला होता. नाबार्ड, साओ टोमे, दारासिंग दोन-दोन ओळींत.

२ जुलै, बुधवार

पानशेतचा मजकूर. चार वेळा लिहिला, आता हा पक्का:

‘मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतला मातीचं धरण बांधणं चालू होतं. पाणी सोडण्याच्या मोरीचं आणि दरवाज्यांचं काम अपुरं असतानाच १९६१च्या पावसाळ्यात पाणी साठू दिलं गेलं. मोरीवरचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी मातीच्या गोण्या रचून बांध तोलून धरला. १२ जुलै, बुधवार, सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या दगडी धरणात आलं. १८७९ला पुरं झालेलं हे धरण, पुण्याला पाणी पाजणारं, ज्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ला आपले स्वयंचलित दरवाजे बसवले होते. दुपारी तेही फुटलं. लकडी पूल बुडाला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा शहरात वीज नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं.’

जवानांची ओळ मी कुठल्याही परिस्थितीत गाळणार नाही. तो बांध रात्री फुटला असता तर शहर झोपेत सापडलं असतं. त्या अमावास्येच्या अंधारात गोण्या वाहणाऱ्यांची नावं आपल्या भिंतीवर नाहीत, निदान त्यांचं काम तरी असावं.

मृतांचा आकडा घातला नाही. मुलांनी आणलेल्या कागदांत प्रत्येक ठिकाणी वेगळा होता. त्याऐवजी वस्त्यांची नावं: लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर. पेठांतली घरं गेलेली कितीतरी कुटुंबं तिकडे गेली आणि शहर टेकड्यांच्या बाजूला वाढलं.

५ जुलै, शनिवार

अप्पा बळवंत चौकात छपाईला दिलं. प्रूफ बघितलं तर जोडाक्षरं फुटलेली, ‘विश्वेश्वरय्या’ वाचताच येईना. फॉन्ट बदलून पुन्हा. दुसऱ्या प्रूफात चंद्र उलटे: पन्हाळ्याला काळा, पानशेतला पांढरा. हे वेळेत दिसलं म्हणून बरं. दुकानातल्या मुलाला का चुकायचं नाही ते सांगितलं, तर त्याने संगणक तसाच ठेवून आजींच्या भाताची गोष्ट पूर्ण ऐकली. तोही गोखलेनगरचा निघाला.

११ जुलै, शुक्रवार

रात्री नऊपर्यंत मांडणी. नोंदवही मधल्या टेबलावर, काचेखाली, कित्ता-कित्ताच्या पानावर उघडून.

काकांनी शब्द पाळला. सभासदांकडे होती म्हणून वाचलेल्या पुस्तकांपैकी सात सापडली. सातही वहीशेजारी लावली. एकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. शिक्का २६ जून १९६१. त्याच्या खाली पुढचा शिक्का ४ डिसेंबर. दोन शिक्क्यांमध्ये बोटभरसुद्धा जागा नाही, एकाखाली एक लागून आलेत. मुलीने त्यावर भिंग ठेवलं.

१२ जुलै, शनिवार

दिवसभर माणसं. दुपारी पाऊस आला तशी आणखी आत आली. लोकरीची रेषा मुलांनी किती वेळा सरकवली असेल! संध्याकाळपर्यंत तीन खिळे निखळले.

वयस्क मंडळी पन्हाळा, फुटबॉल, सगळं ओलांडून सरळ मधल्या टेबलाशी जात होती. एक गृहस्थ पान न वाचता शेऱ्याच्या रकान्यावरून, काचेवरून, बोट खाली खाली नेत राहिले. मग म्हणाले, “हे अक्षर आमच्या मास्तरांचं.” मास्तर शाळा सुटल्यावर वाचनालयात लिखापढीला यायचे. पुरानंतर दोन महिने रोज येत होते, घरी चिखल काढून झाला की. नाव त्यांनी सांगितलं, पण घरच्यांना विचारल्याशिवाय ते इथे लिहीत नाही.

आजी पाचला आल्या, रिक्षाने. आपला फलक वाचला. एक दुरुस्ती सांगितली: स्टोव्ह नव्हता, शेगडी होती. त्या दिवशी सांगताना चुकलं. मोठ्या मुलाने पट्टी चिकटवून तिथल्या तिथे बदललं. मग कोपऱ्यातल्या काळ्या वर्तुळाकडे बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

१३ जुलै, रविवार

गर्दी कमी. मास्तरांच्या नातसुनेचा फोन आला. नाव लिहायला हरकत नाही, पण अण्णांना आवडलं नसतं म्हणाल्या. मग नको.

१५ जुलै, मंगळवार

आवराआवर. पन्हाळ्याचा फलक मुलांच्या शाळेत जाणार, मोठ्या मुलानेच मागून घेतला. किरिबाटीचा नकाशा धाकट्याच्या घरी. कार्व्हरची चिठ्ठी त्याने माझ्याकडे दिली, सांभाळून ठेवायला.

पानशेतचा फलक इथेच, जिन्यात. नोंदवही माळ्यावर गेली नाही, काकांच्या कपाटात आली. सात पुस्तकं आपापल्या जागी लावली, म्हणजे ती पुन्हा कुणालाही घरी नेता येतील. प्रत्येकाच्या नोंदीपुढे काकांनी शेऱ्याच्या रकान्यात पेनाने लिहिलं: ‘प्रदर्शनास दिले होते. परत आले.’ सात वेळा, पूर्ण वाक्य.